कुणीच न ठरवलेला दर

२०२३ संपताना ब्राझीलच्या एका रेआलला सरकारी दराने अर्जेंटिनाचे साधारण १६७ पेसो मिळत होते. २०२४ संपतानाही साधारण १६७ च. मधल्या बारा महिन्यांत आकडा थोडा इकडेतिकडे झाला, पण आलेख काढला तर जवळपास आडवी रेघ निघते. नुसता तक्ता पाहणारा म्हणेल, दोन्ही शेजारी शहाण्यासारखे वागले, वर्ष निवांत गेलं. प्रत्यक्षात त्या वर्षी अर्जेंटिनातली महागाई ११७.८ टक्के होती आणि ब्राझीलमधली पाच टक्क्यांच्या आत. दर जागचा हलला नाही, तरी ब्राझीलच्या माणसाला सीमेपलीकडे वर्षभरापूर्वी जेवढा बाजारहाट करता येत होता, त्याच्या जेमतेम निम्मा आता करता येऊ लागला.

रेघ आडवी का राहिली हे पाहिलं तर गंमत आणखी वाढते. हाविएर मिलेई यांच्या सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये आल्या आल्या पेसोचं मोठं अवमूल्यन केलं. डॉलरचा दर सुमारे ३६६ वरून ८०० वर नेला आणि त्यानंतर तो दरमहा फक्त दोन टक्क्यांच्या गतीने वाढू दिला. महागाईला लगाम घालण्याचा हा त्यांचा उपाय होता. तिकडे ब्राझीलमध्ये सरकारी खर्चाबद्दलची धास्ती वाढत गेली आणि वर्षारंभी पाचाच्या आत असलेला डॉलर डिसेंबरात सहा रेआलच्या वर गेला. या दोन कारणांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण दोन्ही देशांत डॉलर वर्षभरात सव्वापटीहून थोडा अधिक झाला, जवळजवळ सारख्याच प्रमाणात, म्हणून भागाकाराचं उत्तर तेच आलं.

पेसो-रेआल दर म्हणून आपण तक्त्यात जे वाचतो ते नेहमी असं भागाकाराचं उत्तर असतं. ब्यूनोस आयरेसमध्ये डॉलरचा दर ठरतो, ब्राझीलमध्ये डॉलरचा दर ठरतो, एकाला दुसऱ्याने भागलं की शेजाऱ्यांचा आपसातला दर निघतो. तो कुणी ठरवत नाही, कुणी त्याची राखण करत नाही, त्याच्यापायी कुठल्या अर्थमंत्र्याचं पद गेल्याचं ऐकिवात नाही. माझं म्हणणं असं, की गेल्या पस्तीस वर्षांत अर्जेंटिनाच्या कारखानदारीचं आणि सीमेवरच्या गावांचं जे बरंवाईट झालं, त्यात या बेवारस दराचा हात डॉलरच्या दराएवढाच होता. हे राज्यकर्त्यांना दिसत नव्हतं असंही नाही. तिकडे पाहिलं नाही की बऱ्याच गोष्टींचं श्रेय घेता येतं आणि बऱ्याच गोष्टींचा दोष टाळता येतो, एवढी साधी सोय त्यात होती.

या दराच्या इतिहासात फार मागे जाता येत नाही, कारण वाटेत शून्यांचा डोंगर आहे. ब्राझीलने १९४२ मध्ये क्रुझेरो आणला. १९६७, १९८६, १९८९ आणि १९९३ साली प्रत्येक वेळी चलनातली तीन शून्यं कापली. आणि १९९४ मध्ये २,७५० क्रुझेरो रेआल बरोबर एक रेआल असा शेवटचा हिशेब केला. आजच्या एका रेआलमध्ये १९४२ चे २,७५० लाख कोटी क्रुझेरो मावतात. अर्जेंटिनानेही १९७०, १९८३, १९८५ आणि १९९२ मध्ये मिळून तेरा शून्यं उडवली. आजचा एक पेसो म्हणजे १९६९ चे दहा लाख कोटी पेसो. हे सगळं गणिताने जोडून १९६० पासूनचा अखंड आलेख काढता येतो, आणि तसे आलेख काढलेही जातात. त्यातून कळत मात्र काही नाही. दशांशचिन्हानंतरची शून्यं मोजत बसायची आणि शेवटच्या काही वर्षांत रेघ भिंतीसारखी उभी राहिलेली पाहायची.

ऐंशीच्या दशकातली एकच गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. जून १९८५ मध्ये अर्जेंटिनाने ऑस्ट्राल हे नवं चलन आणलं, किंमती गोठवल्या आणि डॉलरला ८० सेंताव्होंवर बांधलं. आठ महिन्यांनी, फेब्रुवारी १९८६ मध्ये, ब्राझीलने क्रुझादो आणला, किंमती गोठवल्या आणि डॉलर १३.८४ वर बांधला. दोन्ही शेजारी एकाच वेळी गोठलेले, त्यामुळे एका ऑस्ट्रालला सतरा-साडेसतरा क्रुझादो असा दरही आपोआप स्थिर झाला. तो काही आठवडेच टिकला, कारण अर्जेंटिनाने लगेच ऑस्ट्राल हळूहळू खाली सोडायला सुरुवात केली. पुढे दोन्ही योजना कोसळल्या. १९८९ मध्ये अर्जेंटिनाची वार्षिक सरासरी महागाई ३,००० टक्क्यांच्या पुढे गेली. मार्च १९९० मध्ये ब्राझीलमध्ये एका महिन्यात किंमती ८० टक्क्यांहून अधिक चढल्या. अशा काळात दर विचारायचा तर सकाळचा की संध्याकाळचा हेही विचारावं लागतं.

आता यंत्रणेबद्दल थोडं. जगातले बहुतेक छोटे-मध्यम चलन-व्यवहार डॉलरमधूनच जातात, आपला रुपयाही त्याला अपवाद नाही. ब्यूनोस आयरेसमधल्या बँकेकडे कुणी दहा लाख रेआल विकायला आणले, तर ती बँक ते ठेवून काय करणार? दुसऱ्या दिवशी तेवढेच रेआल मागणारा कुणी येईल याची खात्री नाही. म्हणून ती रेआल विकून डॉलर घेते, डॉलर विकून पेसो देते आणि दोन्ही वेळचा आपला नफा मध्ये लावते. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांशी उसनवारीसुद्धा सावकाराच्या वहीतून करावी, तसा हा प्रकार. सावकाराला त्यात काही वावगं वाटत नाही आणि शेजाऱ्यांनाही सवय होऊन जाते. पण दोघांपैकी एकाचं सावकाराशी बिनसलं की दुसऱ्याच्या घरातले हिशेब उलटेपालटे होतात, त्याचा काही दोष नसताना. १९९९ मध्ये हेच झालं. त्या वर्षाकडे जाण्याआधी त्याची पूर्वतयारी नीट पाहायला हवी, कारण या सगळ्या कथेचं मर्म तिथे आहे.

१ एप्रिल १९९१ पासून अर्जेंटिनात परिवर्तनीयतेचा कायदा लागू झाला. राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम आणि अर्थमंत्री दोमिंगो कावालो यांनी १०,००० ऑस्ट्राल म्हणजे एक डॉलर असं कायद्याने ठरवलं, आणि १९९२ च्या पहिल्या दिवशी ऑस्ट्रालची चार शून्यं कापून एक पेसो म्हणजे एक डॉलर केलं. नव्या नोटा छापायच्या तर तेवढी परकीय चलनाची गंगाजळी हवी, असं बंधन मध्यवर्ती बँकेवर घातलं. महागाईने पोळलेल्या लोकांना हे वरदान वाटलं, आणि त्यात चूक नव्हती. काही वर्षांत महागाई जवळपास शून्यावर आली. पण याच काळात, २६ मार्च १९९१ रोजी, अर्जेंटिनाने ब्राझील, उरुग्वे आणि पॅराग्वेसोबत आसुन्सिऑनच्या करारावर सही करून मेर्कोसुर या समाईक बाजारात प्रवेश केला होता. जेमतेम एका आठवड्याच्या अंतराने घेतलेले हे दोन निर्णय एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभे होते. एकाने देशाचं चलन अमेरिकेशी जखडलं, दुसऱ्याने देशाचा व्यापार ब्राझीलशी. दोन्हींची सांगड कशी घालायची हा प्रश्न कायद्यात नव्हता, करारातही नव्हता.

सुरुवातीला प्रश्न पडलाच नाही. १ जुलै १९९४ रोजी ब्राझीलने रेआल आणला. आधी चार महिने लोकांना एका काल्पनिक हिशेबाच्या एककात किंमती मोजायची सवय लावली आणि मग त्या एककालाच नोटेचं रूप दिलं. पर्सिओ अरिदा आणि आंद्रे लारा रेझेंदे यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांची ही कल्पना मला त्या खंडातल्या सगळ्या चलनसुधारणांमध्ये सर्वांत हुशार वाटते. तिच्या जोरावर फर्नांडो एन्रिके कार्दोसो अर्थमंत्र्याचे राष्ट्राध्यक्ष झाले. रेआल सुरुवातीला डॉलरच्या बरोबरीने निघाला आणि चढत्या व्याजदरांच्या आकर्षणाने परदेशी पैसा येऊ लागल्यावर डॉलरपेक्षाही महाग झाला. १९९४ च्या अखेरीस डॉलरला ८५ सेंताव्होंच्या आसपासच मिळत होते. म्हणजे एका रेआलला जवळजवळ १.१८ पेसो.

अर्जेंटिनाच्या निर्यातदारांना यापेक्षा चांगलं काय हवं होतं? गहू, मोटारी, दुधाची भुकटी, तेल, सगळं ब्राझीलकडे निघालं. डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोचा पेसो कोसळला, त्या हादऱ्याने १९९५ साली अर्जेंटिनात मंदी आली, बेरोजगारी १८ टक्क्यांवर गेली. तरीही एक पेसो एक डॉलरच राहिला. सगळीकडे परिवर्तनीयतेच्या कायद्याचं कौतुक झालं, मेनेम पुन्हा निवडून आले. पण त्या वर्षी घरची मागणी आटलेली असताना कारखाने चालू ठेवले ते महाग रेआल हातात घेऊन आलेल्या ब्राझीलच्या गिऱ्हाइकांनी. हे कौतुक ब्राझीलच्या वाट्याला आलं नाही. दशकाच्या शेवटी अर्जेंटिनाच्या निर्यातीपैकी सुमारे ३० टक्के निर्यात एकट्या ब्राझीलला जात होती आणि तिचं भवितव्य ज्या दरावर अवलंबून होतं, तो दर अर्जेंटिनातल्या कुठल्याही कायद्यात नव्हता.

ब्राझीलने आपला रेआल मग हळूहळू खाली सोडला: १९९५ अखेर डॉलरला ०.९७, पुढच्या वर्षी १.०४, मग १.१२, आणि १९९८ अखेर १.२१. वर्षाला सात-आठ टक्के, मोजूनमापून. या चार वर्षांचा पेसो-रेआल आलेख पाहिला तर इतकी सुबक रेघ आधी किंवा नंतर कधी दिसत नाही. मेर्कोसुरच्या समर्थकांनी त्या रेघेवर मोठमोठे मनोरे बांधले. मोटार कंपन्यांनी एक मॉडेल कोर्दोबात, दुसरं साओ पावलोजवळ, सुटे भाग इकडून तिकडे, अशी मांडणी केली. सुबक रेघ म्हणजे पक्का पाया असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली आणि गुंतवणूकदारांनी सगळ्याच उदयोन्मुख देशांतून पैसा काढायला सुरुवात केली. ब्राझीलला नोव्हेंबरात ४१.५ अब्ज डॉलरचं आंतरराष्ट्रीय मदतीचं आश्वासन मिळालं, तरी गळती थांबली नाही. जानेवारी १९९९ च्या पहिल्या आठवड्यात मिनास जेराइस राज्याच्या राज्यपालांनी केंद्राच्या कर्जाची परतफेड स्थगित केल्याचं जाहीर केलं. हे राज्यपाल म्हणजे इतामार फ्रांको, ज्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात रेआल जन्माला आला तेच. राजकारणात हेवेदावे कुठे घेऊन जातात याचा याहून चांगला नमुना शोधावा लागेल. १३ जानेवारीला मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष गुस्तावो फ्रांको पायउतार झाले, त्यांच्या जागी आलेल्या फ्रान्सिस्को लोपेस यांनी डॉलरचा पट्टा १.३२ पर्यंत रुंद केला, आणि दोनच दिवसांत तोही सोडून द्यावा लागला. महिनाअखेर डॉलर दोन रेआलच्या उंबरठ्यावर होता. मार्चच्या सुरुवातीला त्याने २.१६ गाठला. लोपेस काही आठवडेच टिकले, नंतर आर्मिनियो फ्रागा आले आणि त्यांनी महागाईचं लक्ष्य ठरवून चलन तरंगतं ठेवण्याची घडी बसवली, ती आजही चालू आहे.

ब्राझीलच्या दृष्टीने हा शेवटी सुटकेचाच मार्ग ठरला. अर्जेंटिनात काय झालं? वर्षअखेर १.२१ रेआलला मिळणारा पेसो सहा-सात आठवड्यांत दोन रेआलपेक्षा महाग झाला. ब्यूनोस आयरेसमध्ये कुणी काही ठरवलं नव्हतं, कायद्याचं एक अक्षरही बदललं नव्हतं, एक पेसो अजून बरोबर एक डॉलरच होता. आणि तरीही देशाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकासाठी अर्जेंटिनाचा माल जवळजवळ पाऊणपट महाग झाला. १९९८ मध्ये अर्जेंटिनात साडेचार लाखांहून अधिक वाहनं तयार झाली होती. १९९९ मध्ये ती तीन लाखांच्या आसपास आली. घरची मंदीही त्याला कारण होती, हे मान्य. पण चपला, कापड, कोंबड्या, पोलाद यांवरून दोन देशांत जी भांडणं पेटली ती बाजारपेठ आटल्याची नव्हती. शेजाऱ्याचा माल अचानक स्वस्त कसा झाला, याबद्दलची ती होती.

या धक्क्यावर मेनेम यांनी काय सुचवलं ते विचार करण्यासारखं आहे. त्याच जानेवारीत त्यांनी पेसो मोडीत काढून थेट डॉलरच स्वीकारण्याची कल्पना पुढे केली. दुखणं ब्राझीलच्या बाजूचं आणि मलमपट्टी अमेरिकेच्या बाजूला. पण २००१ मध्ये याहून बोलकी गोष्ट घडली. पुन्हा अर्थमंत्री झालेल्या कावालो यांना एव्हाना कळून चुकलं होतं की नुसता डॉलरचा खुंटा चालणार नाही. त्यांनी संसदेकडून नवा कायदा करून घेतला: युरो आणि डॉलर बरोबरीला आले की पेसो अर्धा डॉलर, अर्धा युरो अशा टोपलीला बांधायचा. तोवर जूनपासून निर्यातदारांना त्या फरकाची भरपाई द्यायची. टोपलीत युरो आला, रेआल आला नाही. सर्वांत मोठा व्यापारी भागीदार कोण, हे कावालो यांना माहीत नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. पण रेआल टोपलीत घेतला असता तर आपलं चलन ब्राझीलच्या चलनासारखं आहे, त्याच पातळीचं आहे, अशी कबुली दिल्यासारखं झालं असतं. आणि परिवर्तनीयतेची सगळी प्रतिष्ठा उभी होती ती पेसो हा शेजाऱ्यांच्या नोटांपेक्षा वेगळ्या जातीचा आहे या समजुतीवर. मला वाटतं, त्या दशकातल्या धोरणाचा खरा स्वभाव अर्जेंटिनाच्या कर्जाच्या आकड्यांपेक्षा या टोपलीत जास्त स्पष्ट दिसतो.

पुढचं जगाला माहीत आहे. डिसेंबर २००१ च्या सुरुवातीला बँकेतून रोख काढण्यावर बंधनं आली, २० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष फर्नांडो दे ला रुआ राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने निघून गेले, काही दिवसांत देशाने कर्जफेड थांबवल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २००२ मध्ये एदुआर्दो दुआल्दे यांच्या सरकारने परिवर्तनीयता संपवली. जूनच्या शेवटी डॉलर चार पेसोंच्या जवळ पोहोचला. त्याच वर्षी डावे नेते लुला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येणार या भीतीने ब्राझीलचा डॉलरही ऑक्टोबरात चार रेआलला टेकला. वर्ष संपताना एक पेसो आणि एक रेआल पुन्हा जवळपास बरोबरीला आले होते, आठ वर्षांपूर्वीसारखे.

तक्त्यापुरतं बोलायचं तर वर्तुळ पूर्ण झालं. मधल्या काळात अर्जेंटिनातली बेरोजगारी २१ टक्क्यांच्या वर गेली होती आणि निम्म्याहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखाली आले होते. काही अभ्यासक म्हणतील, या सगळ्याचं खापर रेआलवर फोडणं हा अन्याय आहे. प्रांतांची कर्जं, जगभर महाग झालेला डॉलर, शेतमालाच्या पडलेल्या किंमती, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे आडमुठे सल्ले, हे सगळं होतंच. मी ते नाकारत नाही. रेआल कोसळला नसता तरी परिवर्तनीयता कधीतरी मोडलीच असती. पण कोणत्या वर्षी, किती बेरोजगारी साठल्यावर आणि किती कारखाने बंद पडल्यावर, याचं उत्तर त्या भागाकाराने दिलं.

त्यानंतरची दहा वर्षं तुलनेने साधी होती. खरा घोळ पुन्हा २०११ नंतर सुरू झाला, जेव्हा अर्जेंटिनाने डॉलरच्या खरेदीवर बंधनं घातली. लोक त्यांना खोडा म्हणतात. २०१५ च्या डिसेंबरात खोडा काढला, २०१९ च्या सप्टेंबरात पुन्हा घातला, आणि नागरिकांसाठी तो बराचसा उठला एप्रिल २०२५ मध्ये. खोडा असताना देशात डॉलरचा दर एक नव्हता. सरकारी दर, रस्त्यावरचा ‘निळा’ डॉलर, रोख्यांच्या खरेदीविक्रीतून निघणारे दर, पर्यटकांसाठीचा, सोयाबीन निर्यातदारांसाठीचा. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाआधी परदेशी खर्चावर कर वाढला तेव्हा लोकांनी त्या दराला कतार डॉलर असं नाव ठेवलं. ब्यूनोस आयरेसच्या फ्लोरिडा रस्त्यावर दिवसभर उभे राहून ‘काम्बियो, काम्बियो’ ओरडणाऱ्या दलालांकडे आणि इमारतींच्या आतल्या चोरखोल्यांमध्ये जो दर मिळायचा, तोच दुकानदार किंमती लावताना पाहायचे.

मग एका रेआलला किती पेसो? जुलै २०२२ मध्ये सरकारी हिशेबाने २४ च्या आसपास, रस्त्यावर साठच्या आसपास. ऑक्टोबर २०२३ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, सरकारी डॉलर ३५० वर गोठवलेला आणि निळा डॉलर १,००० च्या पलीकडे; म्हणजे रेआलला एकीकडे सुमारे सत्तर पेसो आणि दुसरीकडे दोनशेच्या घरात. इतिहासाच्या तक्त्यात यातला कोणता आकडा जावा? बहुतेक तक्त्यांत सरकारी जातो, कारण तो रोज छापून येतो. पण त्या दराने सामान्य माणसाला काही विकतच घेता येत नव्हतं. मिसिओनेस प्रांतातल्या बेर्नार्दो दे इरिगोजेन या गावात अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्यामध्ये नदी नाही, फक्त रस्ता आहे. अशा गावांत आणि इग्वासू धबधब्याजवळच्या पुएर्तो इग्वासूमध्ये दुकानदार सरळ रेआल घेतात आणि आपल्या मनाने दर सांगतात. २०२३ मध्ये ब्राझीलची माणसं तिथे पेट्रोल भरायला, मांस, पीठ आणि वाइन न्यायला यायची. २०२५ च्या उन्हाळ्यात हे उलटलं. अर्जेंटिनाची कुटुंबं सांता कातारिना राज्यातल्या फ्लोरियानोपोलिस, कांबोरियूच्या किनाऱ्यांवर गर्दी करू लागली, जशी ती नव्वदच्या दशकात करत असत. मला विचाराल तर या दोन चलनांचा सर्वांत प्रामाणिक इतिहास त्या किनाऱ्यांवरच्या मोटारींच्या पाट्या मोजून लिहिता येईल. वरवर पाहता सीमेवरच्या गावांतला दर तिथल्या दुकानदाराचा असतो, डॉलर मध्ये नसतो; पण तोही सकाळी दुकान उघडण्याआधी निळा डॉलर पाहतोच.

मग दोघांनी मिळून एकच चलन का आणू नये? हा प्रश्न दर काही वर्षांनी उगवतो. १९८७ मध्ये राउल आल्फोन्सिन आणि जोझे सार्ने या दोन राष्ट्राध्यक्षांनी ‘गाउचो’ नावाच्या समाईक एककाचा करार केला. नोट कधी छापली गेली नाही. जून २०१९ मध्ये ब्यूनोस आयरेसच्या भेटीत ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष जाईर बोल्सोनारो यांनी ‘पेसो-रेआल’ची कल्पना काढली, आणि त्यांच्याच मध्यवर्ती बँकेने असा कुठलाही प्रकल्प नसल्याचं लगेच सांगून टाकलं. जानेवारी २०२३ मध्ये लुला आणि अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फर्नांडेझ यांनी व्यापारासाठी ‘सुर’ या समाईक चलनाची चर्चा पुढे नेली. डावे, उजवे, मधले, सगळ्यांनी हात लावून पाहिला, आणि कुणीही महागाईचा वेग आपल्याहून इतका वेगळा असलेल्या शेजाऱ्याशी एक पाकीट कसं वाटून घ्यायचं याचं उत्तर दिलं नाही.

प्रत्यक्षात आलेली एकच गोष्ट छोटी आणि कंटाळवाणी होती. ऑक्टोबर २००८ पासून दोन्ही मध्यवर्ती बँकांनी स्थानिक चलनात व्यवहाराची सोय केली: अर्जेंटिनाचा आयातदार पेसो भरतो, ब्राझीलच्या निर्यातदाराला रेआल मिळतात, डॉलर कुणाला हाताळावा लागत नाही. छोट्या उद्योगांना याचा फायदा झाला, पण एकूण व्यापारातला तिचा वाटा किरकोळच राहिला. आणि या डॉलरविरहित यंत्रणेचा रोजचा दर कसा काढतात? ब्राझीलचा डॉलरचा संदर्भ दर घ्यायचा, अर्जेंटिनाचा घ्यायचा आणि भागाकार करायचा. शेवटी दोन बँकांमधली उरलेली बाकीही डॉलरमध्येच चुकती होते.

यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही. अडचण तत्त्वाची नसून शिलकीची आहे. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्जेई लावरोव्ह यांनी पत्रकारांना सांगितलं होतं की तेलाच्या व्यापारातून रशियाचे अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून आहेत आणि ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. रुपया हे पेसोपेक्षा कितीतरी भक्कम चलन आहे, तरी ही स्थिती. दोघांचा व्यापार बरोबरीचा नसेल तर ज्याच्याकडे शिल्लक उरते त्याला दुसऱ्याच्या नोटा नको असतात. ब्राझीलच्या निर्यातदाराला पेसो साठवायला सांगणं म्हणजे उन्हात बर्फ साठवायला सांगणं.

तेव्हा कुणी मला विचारलं, की मग हा दर ठरवायचा का, तर माझं उत्तर नाही असंच आहे. ठरवला तर तो तिसरं वचन होईल आणि दोन वचनं मोडलेली आपण पाहिली. मागणी त्याहून छोटी आहे. एखाद्या देशाने आपल्या चलनाला कुठे बांधायचं, किती वेगाने सोडायचं, हे ठरवताना त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक कोणतं चलन वापरतं आणि त्या चलनाचं काय चाललं आहे, हे सूत्रात असलं पाहिजे; भाषणात असून भागणार नाही. त्याला टोपली म्हणा, भारित निर्देशांक म्हणा. अर्जेंटिनाची मध्यवर्ती बँक असा व्यापाराने भारलेला निर्देशांक रोज प्रसिद्धही करते आणि त्यात ब्राझीलचा वाटा मोठा आहे. २०२४ मध्ये तो निर्देशांक महिन्यामागून महिने पेसो महाग होत असल्याचं सांगत होता, आणि पेसो-रेआल दर त्याच वेळी १६७ च्या आसपास झोपलेला होता. धोरण मात्र डॉलरच्या दोन टक्क्यांवरच चाललं, फेब्रुवारी २०२५ पासून एक टक्क्यावर. एप्रिल २०२५ मध्ये ते सूत्र बदललं तेव्हा नवा पट्टा आला: १,००० ते १,४०० पेसो प्रति डॉलर, वरची मर्यादा दरमहा एक टक्क्याने वर आणि खालची एक टक्क्याने खाली. आदल्या वर्षी अर्जेंटिनाच्या निर्यातीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक ब्राझीलच होतं. पट्ट्याच्या सूत्रात रेआल नाही.